३९व्या मिनिटाला थांबलेला सामना: सेव्हिलची भाऊबंदकी आणि अठरा तासांत घेतलेला निर्णय

पार्श्वभूमी

स्पॅनिश फुटबॉलमधलं वैर म्हटलं की आपल्याकडे रेआल माद्रिद आणि बार्सेलोनाचं नाव आधी निघतं. त्या दोन शहरांत पाचशे किलोमीटरचं अंतर आहे. सामना संपला की जो तो आपल्या गावी जातो. सेव्हिलमध्ये ही सोय नाही. रेआल बेतिसचं बेनितो व्हियामारीन मैदान आणि सेव्हिया एफसीचं सांचेझ-पिझहुआन मैदान यांच्यात सरळ रेषेत साडेतीन किलोमीटरही अंतर नाही. हिरवा-पांढरा शर्ट घालणारा भाऊ आणि लाल-पांढरा घालणारा मेहुणा रविवारी एकाच टेबलावर जेवतात, एकाच कचेरीत काम करतात. म्हणून या वैराला आपल्याकडचा नेमका शब्द भाऊबंदकी.

सेव्हियाची स्थापना १८९०ची, बेतिसची १९०७ची. सेव्हियातून फुटून निघालेल्यांनी काढलेला एक क्लब १९१४मध्ये बेतिसमध्ये विलीन झाला आणि तिथून पुढे रेआल बेतिस बालोम्पिए हे नाव रूढ झालं. सेव्हिया म्हणजे श्रीमंत आणि बेतिस म्हणजे कामगार, ही वाटणी अजून सांगितली जाते. आजच्या प्रेक्षकांकडे पाहिलं तर ती फारशी टिकत नाही. बेतिसवाल्यांचा नारा मात्र खरोखर त्यांचाच आहे: हरला तरी बेतिस चिरायू होवो.

या दोन क्लबांच्या सामन्यांत प्रेक्षकांकडून हात उगारला जाणं नवीन नव्हतं. ऑक्टोबर २००२मध्ये सेव्हियाच्या मैदानावर एक प्रेक्षक थेट आत उतरून बेतिसचा गोलरक्षक तोनी प्रात्स याच्या अंगावर गेला होता. २८ फेब्रुवारी २००७ला बेतिसच्या मैदानावर कोपा देल रे या स्पेनच्या बाद पद्धतीच्या चषक स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत सेव्हियाचे प्रशिक्षक हुआंदे रामोस यांच्या डोक्यात बाटली बसली आणि ते बेशुद्ध पडले. बेतिसवर तेव्हा मानुएल रुइझ दे लोपेरा यांची सत्ता होती आणि मैदानालाही त्यांचंच नाव होतं. सेव्हियाचे अध्यक्ष होसे मारिया देल निदो यांच्याशी त्यांची शाब्दिक चकमक आठवडे चालली होती. त्याच वर्षी २८ ऑगस्टला सेव्हियाचा अवघ्या बावीस वर्षांचा अंतोनिओ पुएर्ता मैदानावर कोसळल्यानंतर तीन दिवसांनी गेला. त्या दुःखात दोन्ही क्लब जवळ आले आणि पुढची बरीच वर्षं वातावरण सुसह्य राहिलं. प्रकरण पुन्हा पेटलं ते १५ जानेवारी २०२२ला.

त्या रात्री काय झालं

कोपा देल रेची शेवटच्या सोळांची फेरी होती. २०१९-२० पासून उपांत्य फेरीआधीच्या सगळ्या फेऱ्या एकाच सामन्याच्या झाल्या आहेत. दुसरी लढत नाही, म्हणजे नुकसान भरून काढायला जागा नाही. शनिवारी रात्री साडेनऊला बेतिसच्या मैदानावर खेळ सुरू झाला. ३५व्या मिनिटाला पापू गोमेझने सेव्हियाला आघाडी मिळवून दिली. ३९व्या मिनिटाला नबील फेकीरने कॉर्नर थेट जाळ्यात घातला आणि बरोबरी झाली.

असा गोल झाला की सगळी गर्दी एकाच कोपऱ्यावर ओतली जाते. व्हियामारीनला धावपट्टी नाही, त्यामुळे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात काही मीटरांचंच अंतर असतं. त्या जल्लोषात झेंड्याच्या काठीसारखी प्लास्टिकची पोकळ नळी वरून आली आणि सेव्हियाचा मधल्या फळीतला खेळाडू जोआन जोर्दान याच्या डोक्याला लागली. रेफरी रिकार्दो दे बुर्गोस बेंगोएत्चेआ यांनी खेळ थांबवला, दोन्ही संघांना आत नेलं आणि नंतर सामना त्या रात्रीपुरता रद्द केला. जोर्दानला तपासणीसाठी रुग्णालयात नेलं आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली.

नळी फेकणारा कोण, हा पोलिसांचा विषय. स्पर्धा भरवणाऱ्या स्पॅनिश फुटबॉल महासंघासमोरचा प्रश्न वेगळाच होता.

नेमका प्रश्न

उरलेली ५१ मिनिटं कधी, कुठे, कोणासमोर आणि कोणत्या खेळाडूंनिशी खेळायची? यात तीन हितसंबंध एकमेकांना छेदत होते. नळी फेकणाऱ्याच्या हातून स्पर्धेचा निकाल ठरता कामा नये. ज्याला मार बसला त्या संघाचं नुकसान होऊ नये. आणि बेतिसच्या अकरा खेळाडूंनी काहीही गैर केलेलं नसताना गोलफलक १-१ असलेला सामना त्यांच्याकडून काढून घेणंही रास्त नव्हतं.

त्यात एक किल्मिष मिसळलं. जोर्दानला मार लागल्यानंतर सेव्हियाचे प्रशिक्षक हुलेन लोपेतेगी त्याला खाली पडायला सांगत होते, असा अर्थ टीव्हीवरच्या चित्रणातून काढला गेला. बेतिसच्या बाजूने लगेच नाटकाचा आरोप झाला. डोक्याच्या दुखापतीत हा वाद निरर्थक असतो. मेंदूला बसलेल्या हादऱ्याची लक्षणं काही वेळा तासाभराने, काही वेळा दुसऱ्या दिवशी दिसतात. मैदानाबाहेर केली जाणारी रीतसर चाचणी नीट करायची तर किमान दहा मिनिटं लागतात. चालता येतंय म्हणजे बरा आहे, असं तिथे म्हणता येत नाही. पण तो निर्णय घेणारे डॉक्टर क्लबचेच असतात, त्यामुळे समोरच्याला संशय घ्यायला जागा राहते. इथेही तेच झालं.

रेफरीपुढचे पर्याय

नियमांचं पुस्तक रेफरीला मोकळा हात देतं. पाचव्या नियमानुसार प्रेक्षकाने फेकलेली वस्तू पंचाला, खेळाडूला किंवा संघाच्या अधिकाऱ्याला लागली, तर घटनेचं गांभीर्य पाहून त्याने खेळ चालू ठेवावा, थांबवावा, काही काळ तहकूब करावा किंवा सामना सोडून द्यावा. गांभीर्य म्हणजे काय, हे पुस्तक सांगत नाही.

खेळ चालू ठेवणं सोपं होतं. जोर्दानच्या जागी दुसरा खेळाडू, ध्वनिक्षेपकावरून एक इशारा, आणि पुढे. पण त्या मैदानावर पंधरा वर्षांपूर्वी बाटली पडलेली होती. डोक्याला लागलेलं असताना त्याच प्रेक्षकांसमोर उरलेला अर्धा सामना खेळवायचा आणि दुसरी वस्तू आली तर? ती जबाबदारी घ्यायला कोणी तयार होणार नाही. सामना थांबवण्याचा निर्णय बरोबर होता, हे आज फारसं कोणी नाकारत नाही.

महासंघापुढचे पर्याय

सातवा नियम सांगतो की सोडून दिलेला सामना पुन्हा खेळवावा, मात्र स्पर्धेचे नियम किंवा आयोजक वेगळं ठरवू शकतात. म्हणजे दार चार दिशांना उघडं होतं.

पहिली दिशा: सामना सेव्हियाला बहाल करणं. शिक्षा म्हणून हे सर्वात कडक आणि समजायला सोपं. भारतीय वाचकाला याचं चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. १३ मार्च १९९६ला ईडन गार्डन्सवर बाटल्या पडल्या आणि विश्वचषकाचा उपांत्य सामना श्रीलंकेला दिला गेला. विनोद कांबळीचे अश्रू आपण विसरलेलो नाही. पण तिथे भारत ८ बाद १२० होता आणि निकाल जवळपास लागलेला होता. सेव्हिलमध्ये १-१ होतं आणि अर्ध्याहून अधिक खेळ बाकी होता. सामना देऊन टाकला असता तर एका माथेफिरूने बेतिसला बाहेर काढलं असतं. शिवाय पुढच्या वेळी कोणी पाहुण्या क्लबचा शर्ट लपवून यजमानांच्या स्टँडमध्ये बसला आणि त्यानेच वस्तू फेकली तर काय करायचं, हाही प्रश्न उरतोच.

दुसरी दिशा: शून्यापासून पुन्हा सामना. यात दोन्ही गोल पुसले जातात. फेकीरचा तो कॉर्नर पुसायला बेतिस तयार झाला नसता, आणि गोमेझचा गोल सोडायला सेव्हियाही नाही.

तिसरी दिशा म्हणजे २००७ची. तेव्हा सामना ५७व्या मिनिटाला, सेव्हिया १-० पुढे असताना थांबला होता. पहिली लढत ०-० सुटली होती. उरलेला खेळ २० मार्चला, म्हणजे वीस दिवसांनी, माद्रिदजवळच्या खेताफेमध्ये प्रेक्षकांविना झाला. गोलफलक बदलला नाही आणि सेव्हिया पुढे गेला. बेतिसचं मैदान तीन सामन्यांसाठी बंद झालं. या मार्गात न्याय दिसतो, कारण यजमानांचं घर हातून जातं. पण त्याची किंमत वेळ. २०२२मध्ये उपांत्यपूर्व फेरी फेब्रुवारीच्या सुरुवातीला होती आणि त्याच आठवड्यात दोन्ही संघांचे लीगचे सामने होते. त्यातच आफ्रिका चषक चालू होता आणि सेव्हियाचा गोलरक्षक यासिन बूनू व आघाडीवीर युसुफ एन-नेसिरी मोरोक्कोसाठी खेळायला गेले होते. सामना तीन आठवडे लांबला असता तर ते परत आले असते. थांबलेल्या सामन्यात त्या दिवशी पात्र असलेलेच खेळाडू उतरवायचे, असा प्रघात असला तरी त्यावरून नवा वाद हमखास झाला असता.

चौथी दिशा: दुसऱ्याच दिवशी, तिथेच, रिकाम्या स्टँडसमोर. (ईडनवरच फेब्रुवारी १९९९मध्ये सचिन धावबाद झाल्यावर स्टँड रिकामे करून कसोटी संपवली होती. कल्पना जुनीच आहे.)

घेतलेला निर्णय

स्पर्धेच्या शिस्तविषयक अधिकाऱ्यांनी चौथी दिशा धरली. रविवारी १६ जानेवारीला दुपारी चार वाजता, व्हियामारीनवर, प्रेक्षकांविना, ३९व्या मिनिटापासून, १-१वर. शिट्टी वाजल्यापासून खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत सुमारे अठरा तास.

या निर्णयात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. वेळापत्रक वाचलं. आणि नळी फेकणाऱ्याच्या बाजूचे हजारो लोक बाहेर राहिले, म्हणजे यजमानपणाचा मुख्य फायदा गेला.

तिसरी गोष्ट मात्र निसटली. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला टप्प्याटप्प्याने परत आणायचं तर साधारण सहा दिवस लागतात. अठरा तासांत जोर्दान खेळणार नाही, हे निर्णय घेतानाच ठरलेलं होतं. त्याच्या जागी दुसरा खेळाडू उतरवावा लागला. म्हणजे मार खाणाऱ्या संघानेच एक खेळाडू गमावला. सेव्हियाने असहमती जाहीर केली, पण मैदानात उतरणं भाग होतं. नाही उतरले असते तर हरलेच असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, अशी त्यांची भावना होती आणि या एका मुद्द्यावर ती रास्त होती.

बेतिसची बाजूही ऐकण्याजोगी आहे. त्यांचेही खेळाडू रात्री उशिरा घरी गेले आणि दुपारी पुन्हा बूट चढवून आले. घरच्या मैदानावर डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांची लढत, खेळायची आणि एकही बेतिसवाला स्टँडमध्ये नाही, ही त्यांच्यासाठी शिक्षाच होती.

निकाल

७३व्या मिनिटाला सेर्खिओ कानालेसने गोल केला. बेतिस २-१ जिंकला.

पुढे बेतिसने उपांत्यपूर्व फेरीत रेआल सोसिएदादला त्यांच्याच घरी ४-०ने हरवलं, उपांत्य फेरीत रायो वायेकानोला मागे टाकलं आणि २३ एप्रिलला सेव्हिलमधल्याच ला कार्तुखा मैदानावर व्हालेन्सियाविरुद्ध १-१ बरोबरीनंतर पेनल्टींवर ५-४ असा चषक जिंकला. १९७७ आणि २००५ नंतरचा हा त्यांचा तिसरा कोपा. २००७मध्येही थांबलेला सामना जिंकणाऱ्या सेव्हियानेच शेवटी चषक नेला होता, अंतिम सामन्यात खेताफेला १-०ने हरवून. दोन्ही वेळा थांबलेल्या सामन्याच्या निकालावर चषक उभा होता. त्यामुळे तो सामना कसा पूर्ण करायचा, हा तांत्रिक तपशील नव्हता.

लीगमध्ये त्या मोसमात दोन्ही डर्बी सेव्हियाने जिंकल्या, ७ नोव्हेंबरला २-० आणि २७ फेब्रुवारीला २-१. रस्त्यावरचा हिशेब त्यामुळे कोणालाच पूर्ण जुळवता आला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी डॉक्टर. वैराच्या सामन्यात डोक्याच्या दुखापतीचा निर्णय क्लबच्या डॉक्टरवर सोडला की प्रशिक्षकाचे हातवारे पुरावा बनतात. आयोजकांनी नेमलेला तटस्थ डॉक्टर मैदानाशेजारी असता आणि त्याने दहा मिनिटांची चाचणी करून एका ओळीत लेखी मत दिलं असतं, तर नाटकाचा आरोप तिथेच मेला असता. त्याचा फायदा सगळ्यात जास्त जोर्दानला झाला असता. मार त्याने खाल्ला आणि वर खोटारडाही तोच ठरला.

मग बदली खेळाडू. डोक्याच्या दुखापतीसाठी वेगळी, न मोजली जाणारी बदली जानेवारी २०२१ पासून प्रायोगिक पातळीवर होती आणि १ जुलै २०२४ पासून ती नियमांच्या पुस्तकात कायमचा पर्याय म्हणून आली. प्रेक्षकाच्या फेकीने जखमी झालेल्या खेळाडूची बदली नेहमीच्या कोट्यात धरायची नाही, एवढं एक वाक्य स्पर्धेच्या नियमांत असतं तरी सेव्हियाची तक्रार बरीच हलकी झाली असती. गेलेला खेळाडू त्याने परत मिळत नाही, पण मार खाणाऱ्याच्या पाठीवर आणखी ओझं तरी पडत नाही.

जागेचा मुद्दा अर्धवट सुटला. प्रेक्षक नाहीत तर मैदान कोणाचं हे गौण, असं म्हणता येतं. पण त्याच ड्रेसिंग रूममध्ये, त्याच गवतावर खेळणं यजमानांना सोयीचंच असतं. ला कार्तुखा त्याच शहरात आहे. एका रात्रीत तिथलं गवत, व्हीएआरची (व्हिडिओ पाहून रेफरीला मदत करणाऱ्या यंत्रणेची) जोडणी, रुग्णवाहिका आणि बंदोबस्त उभा करणं मात्र अवघड. ज्या सामन्याला आधीच धोकादायक म्हणून जाहीर केलं जातं, त्याच्यासाठी पर्यायी मैदान आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं तरच तटस्थ जागा हा अठरा तासांतला पर्याय होऊ शकतो.

झेंड्याच्या काठ्यांबद्दल. पोकळ प्लास्टिकची नळी प्रवेशद्वारावर निरुपद्रवी दिसते, कारण तपासणारा ती हातात धरून तिचं वजन पाहतो. वरून फेकलेली नळी टोकाने येते तेव्हा वजन महत्त्वाचं राहत नाही, वेग आणि टोकाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं होतं. वाकणारी, रबरी टोपणाची, कमी लांबीची काठी चालते. दोन तुकडे जोडून लांब होणारी नाही. मोठे झेंडे हवे असतील तर ते नोंद केलेल्या गटाकडे आणि नोंद केलेल्या आसनावर द्यावेत, म्हणजे काठी कोणाची हे शोधत बसावं लागत नाही. कॉर्नरच्या झेंड्यापाशी पहिल्या काही रांगा अशा सामन्यात रिकाम्या ठेवणं किंवा जाळी लावणं हे क्लबच्या तिकीट विभागाला आवडत नाही, पण गोल झाल्यावर खेळाडू कुठे धावणार हे त्यांनाही ठाऊक असतं.

शिक्षेचं गणित तर वेगळंच आहे. स्पेनचा क्रीडा हिंसाचारविरोधी कायदा, ११ जुलै २००७चा १९/२००७, किरकोळ गुन्ह्याला १५० ते ३,००० युरो, गंभीर गुन्ह्याला ६०,००० युरोपर्यंत आणि अतिगंभीर गुन्ह्याला त्याहून वर ६,५०,००० युरोपर्यंत दंड ठेवतो. प्रेक्षकाला मैदानबंदीही करता येते, अतिगंभीर बाबतीत दोन ते पाच वर्षं. हत्यारं पुरेशी आहेत. पण क्लबचं मैदान बंद केलं की चोर सोडून संन्याशाला फाशी होते. हजारो वार्षिक तिकीटधारक बाहेर बसतात आणि नळी फेकणारा टीव्हीवर सामना पाहतो. व्यक्तीवरची बंदी जितक्या लवकर आणि जितक्या जाहीरपणे लागेल, तितकी मैदानबंदीची गरज कमी होते.

तुलनेसाठी माद्रिद. २९ सप्टेंबर २०२४ला आतलेतिको माद्रिदच्या मैदानावर रेआल माद्रिदने आघाडी घेतल्यावर गोलरक्षक तिबो कुर्त्वाच्या दिशेने लायटर आणि इतर वस्तू आल्या. रेफरीने सुमारे वीस मिनिटं संघ आत ठेवले. दरम्यान आतलेतिकोचे खेळाडू आणि प्रशिक्षक दिएगो सिमेओने त्या स्टँडपाशी जाऊन बोलून आले. खेळ त्याच रात्री पुन्हा सुरू झाला आणि भरपाईच्या वेळेत आन्हेल कोरेआने १-१ केलं. तिथे कोणाला दुखापत झाली नव्हती, म्हणून तहकुबी पुरली. पण स्टँडपुढे हात जोडून उभा राहिलेला कप्तान हे दृश्य पाहणाऱ्यांना फार अस्वस्थ करून गेलं, कारण खेळ चालू ठेवायचा की नाही याची परवानगी जणू त्या कोपऱ्याकडे मागितली जात होती. सेव्हिलमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, रिकाम्या खुर्च्यांसमोर, निदान ती वेळ आली नाही.